दुसरे वाचन

निकालाच्या दिवसांत मुख्याध्यापकाच्या दारी येणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही पेढ्यांचा पुडा घेऊन थेट आत येतात. काही मात्र आवारातल्या कडुलिंबाखाली उभी राहतात, आतली गर्दी ओसरेपर्यंत थांबतात आणि मग पायरीशी चपला काढून हलक्या आवाजात विचारतात, "सर, येऊ का?" पेढेवाल्यांविषयी लिहायला पुष्कळ जण असतात. आज या सदरातून कडुलिंबाखाली थांबलेल्यांची हकीकत सांगावी म्हणतो.

गोष्ट २०२५ सालची. ६ मे रोजी भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाने दहावी-बारावीचे निकाल जाहीर केले. दूरच्या प्रांतांतील वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्या मध्य प्रदेशात वर्षानुवर्षे 'पूरक परीक्षा' होत असे. महाराष्ट्रात जिला पूर्वी नुसते 'ऑक्टोबर' म्हणत, आणि दहावीपुरती जी २०१५ पासून जुलैत होऊ लागली, तिचेच हे भावंड. २०२५ मध्ये मंडळाने पूरक हे नाव काढून टाकले आणि तिच्या जागी 'द्वितीय परीक्षा' आणली. नापास झालेला तिला बसू शकतो, आणि उत्तीर्ण होऊनही गुणांवर समाधानी नसलेलाही बसू शकतो. दोहोंपैकी जे गुण चांगले ते धरले जातात. ही पहिली द्वितीय परीक्षा १७ जूनला सुरू झाली. म्हणजे निकाल आणि परीक्षा यांच्यामध्ये बरोबर ४२ दिवस.

त्या बेचाळीस दिवसांसाठी आमच्या बालाघाटच्या शाळेत पाच मुले गोळा झाली. चार मुलगे आणि एक मुलगी. पाचही जणांचा अडलेला विषय एकच, रसायनशास्त्र. प्रात्यक्षिकाचे तीस गुणांचे काम त्यांनी निभावले होते. गाडी अडली होती सत्तर गुणांच्या लेखी पेपरात. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका, ज्यांना सारी शाळा मॅडम म्हणते, उन्हाळ्याची सुट्टी सोडून रोज सकाळी दोन तास येण्यास आपण होऊन तयार झाल्या. मी मराठीचा माणूस. माझ्याकडे काम एवढेच की, प्रयोगशाळेचे कुलूप उघडायचे, पाण्याचा माठ भरलेला आहे की नाही ते पाहायचे आणि मागच्या बाकावर बसून राहायचे.

मागच्या बाकावर बसण्याचा मला अधिकार आहे, हे येथे सांगितले पाहिजे. १९८७ साली उच्चतर माध्यमिक परीक्षेत मीही रसायनशास्त्रातच अडलो होतो. तेव्हा निकाल वर्तमानपत्रात छापून येत. माझे वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. बालाघाटला तेव्हा नॅरोगेजची चिमुकली गाडी येई, आज तेथे मोठी गाडी धावते. जबलपूरचे वर्तमानपत्र वडील स्टेशनवरच उघडीत. त्या दिवशी त्यांनी ते घरी आणले, घडी घालून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "तुझा नंबर पूरकच्या रकान्यात आहे. हातपाय धू, जेव. मग कुठे चुकलं ते पाहू." किती गुण कमी पडले हे त्यांनी विचारले नाही. शेजारच्या मुलाचे काय झाले हेही विचारले नाही. जेवण झाल्यावर प्रश्नपत्रिका मागितली. इंग्रजी आठवीपलीकडे आणि विज्ञान मुळीच न शिकलेला तो गृहस्थ एकेका प्रश्नावर बोट ठेवून विचारीत होता, "हा आला होता? मग कुठं अडलं?" मी त्या पूरक परीक्षेत कसाबसा उत्तीर्ण झालो. रसायनशास्त्राची आणि माझी त्यानंतर पुन्हा गाठ पडली नाही. मी मराठीकडे वळलो आणि तेथेच रमलो. पण वडिलांचे ते बोट मला अजून दिसते.

मॅडमनी पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिले नाही. त्यांनी पाचही जणांना प्रयोगशाळेत नेले. मुलांना नवल वाटले, मलाही वाटले. प्रात्यक्षिकात तर मुले उत्तीर्ण आहेत, मग मोजक्या दिवसांतला एक दिवस येथे कशाला? मॅडम म्हणाल्या, "एक अनुमापन करू, मग बोलू."

ज्यांचा या विषयाशी संबंध सुटून बरीच वर्षे झाली त्यांना आठवण करून देतो. ब्यूरेट नावाच्या उभ्या, खुणा केलेल्या नळीत पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण भरायचे. हीच आपल्या आज्यांच्या वेळची, विहिरीत टाकायची जांभळी 'लाल दवा'. खाली शंकूच्या आकाराच्या पात्रात ऑक्झॅलिक आम्ल घ्यायचे, त्यात सौम्य गंधकाम्ल घालायचे, पात्र हाताला चटका बसेल इतपत गरम करायचे आणि वरून जांभळे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. थेंब पडतो आणि त्याचा रंग नाहीसा होतो. ज्या थेंबाचा फिका गुलाबी रंग टिकून राहतो, तेथे थांबायचे आणि नळीवरचा आकडा वाचायचा. याला वाचन म्हणतात.

मुलांनी एक वाचन घेतले आणि वह्या मिटल्या. मॅडमनी विचारले, "झालं?" मुले म्हणाली, "झालं." "परीक्षेत किती वाचनं लिहिली होती?" "तीन." "का?"

या 'का'चे उत्तर पाचांपैकी कुणाजवळही नव्हते. तक्त्यात तीन ओळी असतात म्हणून तीन वाचने लिहायची, एवढेच त्यांना ठाऊक. मॅडमनी सांगितले ते मी माझ्या भाषेत देतो. पहिल्या वाचनावर रसायनशास्त्रात कुणीही निष्कर्ष काढत नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला असतो, डोळा खुणेच्या पातळीत नसतो, शेवटचा थेंब घाईने पडलेला असतो. म्हणून नळी पुन्हा भरायची, पुन्हा वाचन घ्यायचे, आणि दोन वाचने एकमेकांशी जुळेपर्यंत हे करीत राहायचे. पुन्हा करावे लागणे ही या शास्त्रात नामुष्की नाही. ती त्याची रीतच आहे.

पण लगेच त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते ती अधिक मोलाची होती. बुडबुडा तसाच ठेवून दहा वाचने घेतली, तर दहाही चुकीचीच येतील, आणि ती एकमेकांशी जुळतीलसुद्धा! गंधकाम्लाऐवजी हाताशी आले म्हणून मिठाचे आम्ल घातले, तर परमँगनेट त्या आम्लावरच खर्च होईल आणि आकडा प्रत्येक वेळी फसवा येईल. दुसरे वाचन पहिल्याहून चांगले येते ते केवळ दुसरे आहे म्हणून नव्हे. मधल्या वेळात चूक शोधून दूर केली असेल तरच.

येथे मला एक जुनी हकीकत आठवली. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याने १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडली, तेव्हा तिच्यात काही घरे रिकामी ठेवली होती. ॲल्युमिनियमच्या खालच्या घरात अजून न सापडलेले एक मूलद्रव्य असले पाहिजे आणि त्याची घनता सुमारे ५.९ असेल, असे त्याने पुढे भाकीत केले. १८७५ मध्ये फ्रान्सच्या ल्कॉक द ब्वाबोद्रान याला ते मूलद्रव्य सापडले, तेच गॅलियम. पण त्याने मोजलेली घनता आली ४.७. मेंडेलीव्हने, ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याला कळवले की नमुना शुद्ध करून पुन्हा मोजावे. फ्रेंच शास्त्रज्ञाला राग आला असेल, नसेल. पण त्याने नमुना शुद्ध करून पुन्हा मोजले आणि घनता ५.९ भरली. मूलद्रव्य शोधून काढणाऱ्यालाही दुसऱ्यांदा बसावे लागले, आणि त्याने त्यात कमीपणा मानला नाही. मी ही गोष्ट मुलांना सांगितली, तेव्हा त्या पाचांतला एक जण पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवसापासून मार्चमधली नव्हे, तर चुकांची पाहणी सुरू झाली. प्रत्येकाने जुनी प्रश्नपत्रिका घरी पुन्हा सोडवून आणायची आणि वहीत तीन रकाने करायचे: जे ठाऊकच नव्हते, जे ठाऊक होते पण चुकले, आणि ज्याला वेळ उरला नाही. मुलांची समजूत अशी होती की, आपल्याला काहीच येत नाही. रकाने भरले तेव्हा दिसले की, सर्वांत लांब रकाना मधला होता.

त्या मधल्या रकान्यात काय काय सापडावे? बैहरकडचा, वसतिगृहात राहणारा एक मुलगा होता. घरी गोंडी, शाळेत हिंदी. परासरण दाबाचे उदाहरण त्याला सूत्रासकट पाठ होते. तापमान २७ अंश सेल्सिअस दिलेले. त्यात २७३ मिळवून ३०० केल्व्हिन करायचे, ते तो विसरे. एका लिटरमध्ये ०.१ मोल असलेल्या द्रावणाचा दाब यायला हवा सुमारे २.४६ वातावरण, याचा येई ०.२२. अकरा पटींनी कमी. रीत बरोबर, सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, एक बेरीज राहिली. मॅडमनी त्याला वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'केल्व्हिन' एवढा एकच शब्द लिहायला लावला.

आमच्या मंडळींची, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांची, एक खास चूक मात्र त्या मुलीच्या वहीत सापडली, आणि तेथे या मराठीच्या मास्तराचा थोडा उपयोग झाला. तिची आई लग्न होऊन तुमसरहून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली, हौशी. मुलीचा अभ्यास लहानपणापासून तिनेच घेतला. तिने शिकवले ते आपल्या शब्दांत, आणि ते अगदी बरोबर होते. पण मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, आणि अनेक अणू मिळून होतो तो रेणू. हिंदीत त्या लहान कणाला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे आपला रेणू! मराठीत आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार व पाणी होते. हिंदीत अम्ल आणि क्षार मिळून लवण व जल होते. म्हणजे एका भाषेत जो क्षार प्रक्रियेच्या शेवटी हाती येतो, तोच दुसऱ्या भाषेत सुरुवातीला आत घालायचा असतो. आपले द्रावण ते त्यांचे विलयन, आपले संयुग ते त्यांचे यौगिक, आपले क्षपण ते त्यांचे अपचयन. वेगळे शब्द फारसा त्रास देत नाहीत. ते वेगळे आहेत हे दिसते तरी. घात करतात ते सारखे दिसणारे शब्द. मुलगी घाईत वाचे हिंदीत, विचार करी मराठीत आणि उत्तर लिही दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत.

मी फळ्यावर दोन रकाने आखले, एक घरचा आणि एक शाळेचा, आणि ऐंशी-नव्वद शब्द समोरासमोर लिहिले. दुसऱ्या दिवशी तिची आई ती यादी उतरवून घ्यायला स्वतः आली. डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, "सर, म्हणजे माझ्यामुळेच झालं का हो हे?" मी म्हणालो, "ताई, तुम्ही शिकवलंत म्हणून तिला रसायन कळतं. आता फक्त शब्दांचं भाषांतर शिकवायचं आहे. शब्द दोन दिवसांत पाठ होतील. कळायला वर्षं लागतात, ती तुम्ही दिली आहेत." हे मी समजूत घालण्यासाठी बोललो नव्हतो.

त्या घरात आणखी एक सूर निघाला होता. मुलीच्या जातीला रसायनाचा हा खटाटोप कशाला, असे आजीबाईंचे म्हणणे. त्यांना मी इंदूरच्या भागवतांच्या घरात जन्मलेल्या कमलाबाईंची गोष्ट सांगून आलो. मुंबईची पदवी घेऊन त्या १९३३ मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. आणि मिळाला तोही एक वर्ष परीक्षेवर ठेवून. ते वर्ष त्यांनी निभावले, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. कमला सोहोनी म्हणून पुढे विज्ञानजगत त्यांना ओळखू लागले. नापास न होताही ज्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली, अशाही बायका आपल्याच मराठी घरांत होऊन गेल्या. आजीबाई ऐकून घेत म्हणाल्या, "इंदूरची होती होय?" एवढ्यावर विरोध मावळला.

आता भरवेलीच्या मुलाविषयी. भरवेली म्हणजे आमच्या गावाला लागून असलेली मँगनीजची खाण. जमिनीखाली खोलवर गेलेली. त्याचे वडील तेथे कंत्राटावर कामाला. या मुलाच्या वहीत पहिला रकाना लांब होता. रसायनशास्त्र म्हणजे दूरच्या देशातील कुणाची तरी भानगड आहे, अशा परकेपणाने तो पाठ करीत असे. मॅडमनी त्याला विचारले, "बाबा कामावरून येतात तेव्हा अंगावर काळी भुकटी असते ना? ती कशाची?" तो म्हणाला, "मँगनीजची." "आणि परवा ब्यूरेटमध्ये काय होतं?" मुलगा पाहतच राहिला. परमँगनेट मँगनीजच्याच ऑक्साइडपासून होते. टॉर्चच्या कोरड्या सेलमधल्या काळ्या भुकटीतही तेच ऑक्साइड असते. आणि ही दोन्ही त्याच्याच पुस्तकात, दोन निरनिराळ्या पाठांत आहेत. खनिजापासून धातू वेगळा कसा काढतात तो पाठ मात्र राष्ट्रीय पुस्तकातून २०२२-२३ च्या काटछाटीत गेला. ज्या जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याचे खनिज फेसावर तरंगवून वेगळे करतात, तेथील मुलाला तेच पुस्तकात वाचायला मिळत नाही, याची मॅडमना फार हळहळ वाटते.

त्या मुलाने मन लावून काम केले. पण ज्याला मुळापासून सुरुवात करायची, त्याला बेचाळीस दिवस पुरतातच असे नाही. मॅडमनी एकदा मला परमँगनेटची एक खोड दाखवली होती. पहिले काही थेंब टाकले की, रंग जाता जात नाही. वाटते, प्रक्रिया होतच नाही. मग तिच्यातूनच तयार झालेले मँगनीजचे कण तिला वेग देऊ लागतात आणि पुढचे थेंब पडताक्षणी विरघळतात. ज्याला हे ठाऊक नसते, तो पहिल्या थेंबांनाच कंटाळून नळी बंद करतो.

निकाल लागला. चौघे उत्तीर्ण झाले. केल्व्हिनवाला मुलगा झाला, मुलगी तर साठाच्या पुढे गेली. भरवेलीचा मुलगा राहिला. सत्तरपैकी पहिल्या खेपेला सतरा होते, या खेपेला एकवीस.

आठ दिवस तो फिरकला नाही, म्हणून एका संध्याकाळी मीच गेलो. मुलगा आत बसून होता. वडिलांनी खाट टाकली, पाणी दिले आणि म्हणाले, "गुरुजी, आता काय करावं जी? ठेकेदाराले बोलून ठेवलं आहे. दोनदा बसला, दोनदा पडला." मी म्हणालो, "सतराचे एकवीस झाले." ते म्हणाले, "पास तं नाही झाला ना जी." ते खरेच होते. मी वाद घातला नाही. मुलाला हाक मारून प्रश्नपत्रिका आणायला सांगितली, आणि तिघे खाटेवर बसलो. मुलगा सांगू लागला. गणिते या वेळी बरोबर आली होती, विद्युत रसायनाचा प्रश्न पूर्ण लिहिला होता. अडले ते सेंद्रिय रसायनात, एका संयुगापासून दुसरे कसे करायचे त्या प्रश्नांत. तो भाग करायचाच राहिला होता. वडील बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, वाचता न येणाऱ्या त्या कागदावर बोट ठेवले आणि मुलाला विचारले, "म्हणजे चुकलं ते इथंच ना?"

मला एकदम १९८७ सालची संध्याकाळ आठवली. काही बोलता आले नाही.

ठेकेदाराला त्यांनी थांबायला सांगितले आहे. राज्याच्या मुक्त शाळा मंडळाची 'रुक जाना नहीं' नावाची योजना २०१६ पासून अशाच मुलांसाठी आहे. त्या वाटेने जायचे की वर्षभर थांबून मंडळाच्याच परीक्षेला बसायचे, हे मॅडमशी बोलून ठरवू. प्रयोगशाळेची एक किल्ली मी त्यांच्याकडे देऊन ठेवली आहे. तो मुलगा पुढच्या खेपेला उत्तीर्ण होईलच, असे मी लिहून देऊ शकत नाही. सतराचे एकवीस कशाने झाले आणि उरलेले कुठे अडले, हे त्याला आणि त्याच्या वडिलांना आज ठाऊक आहे, एवढे मात्र नक्की.

वाचकहो, आपण कुणी रायपूरला असाल, कुणी इंदूर-ग्वाल्हेरला, कुणी बडोद्याला किंवा हैदराबादला. आपल्या घरात किंवा शेजारी असे एखादे मूल असेल. निकालाच्या दिवशी त्याला किती पडले हे विचारू नका. ते त्याला आणि साऱ्या गल्लीला ठाऊक असते. कुणाच्या मुलाला किती पडले हे तर मुळीच सांगू नका. आधी जेवू घाला. मग प्रश्नपत्रिका मागा आणि शेजारी बसा. आपल्याला त्यातले काही कळत नसले तरी चालते. माझ्या वडिलांनाही कळत नव्हते.